बोल्ट मोजण्याआधी चिठ्ठी वाचा

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याचे मॉडेल मांडले होते. प्रमाण नेहमीचेच, १:३५. म्हणजे तोफेच्या नळीसकट साडेआठ मीटरच्या आसपास भरणारा रणगाडा वीतभराहून थोडा लांब. रंगकाम उत्तम होते, ट्रॅकच्या कड्यांत अडकलेली वाळू खरी वाटत होती आणि चिलखतावर झिमेरिटच्या आडव्या सऱ्या इतक्या सफाईने ओढल्या होत्या की माझ्यासारख्याला हेवा वाटावा. शेजारी छापील चिठ्ठी होती : ‘टायगर, ट्युनिशिया, मार्च १९४३’. तासाभरात त्या टेबलाभोवती दोन तट पडले. झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर लिंपायचा लेप. तो कारखान्यात लावायला सुरुवात झाली १९४३च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि ट्युनिशियातल्या जर्मन-इटालियन फौजांनी शरणागती पत्करली त्याच वर्षीच्या मे महिन्यात. म्हणजे त्या मॉडेलच्या अंगावर असा लेप होता, जो त्या रणगाड्याला त्याच्या हयातीत लागणे शक्य नव्हते. एक तट म्हणाला, मॉडेल बाद करा. दुसरा म्हणाला, हा छंद आहे, परीक्षा नव्हे. ज्यांना बोल्ट मोजायचे असतील त्यांनी ते आपल्या घरी मोजावेत. तेव्हापासून आमच्या वर्तुळात या शिळ्या कढीला पुन्हा पुन्हा ऊत आणला जातो आहे, आणि दरवेळी दोन्ही बाजू तीच दोन वाक्ये थोड्या चढ्या आवाजात म्हणतात.

माझे म्हणणे असे की दोन्ही तट चुकीच्या वस्तूकडे बघत आहेत. ऐतिहासिक नेमकेपणाची मागणी प्लॅस्टिकच्या तुकड्याकडे करता येत नाही, ती त्या तुकड्याबद्दल केलेल्या विधानाकडे करायची असते. ज्याने नुसताच एक रणगाडा करून ठेवला, त्याला कोणी काही विचारण्याचे कारण नाही. पण ज्याने शेजारी पलटणीचे नाव, ठिकाण आणि महिना लिहिला, त्याने इतिहासाविषयी एक विधान केले. ते विधान खरे की खोटे, हा प्रश्न विचारणे हा त्याच्या छंदावरचा हल्ला कसा काय ठरतो? चिठ्ठीने जेवढे वचन दिले तेवढ्याचाच जाब मॉडेलकडे मागावा, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

हे नुसते शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून एका खऱ्या टायगरकडे जाऊ. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये ‘टायगर १३१’ आहे. ट्युनिशियात ब्रिटिशांच्या ४८व्या रॉयल टँक रेजिमेंटशी झालेल्या चकमकीत तो सोडून दिला गेला आणि ब्रिटिशांच्या हाती पडला. आज तो चालू स्थितीत आहे. चर्चिल रणगाड्यांच्या सहा पौंडी तोफांचे गोळे त्याला लागल्याच्या खुणा अजून दिसतात. त्यातला एक गोळा नळीच्या खालच्या अंगाला घासून टरेट (तोफेचा फिरता बुरूज) आणि सांगाडा यांच्या सांध्यात गेला आणि टरेट अडकले. तो रणगाडा जेबेल जाफा इथे २१ एप्रिल १९४३ रोजी हाती आला, असे कित्येक दशके सांगितले जात होते. पुढे कागदपत्रे, जुनी छायाचित्रे आणि प्रत्यक्ष जागेची पाहणी यांचा मेळ घातल्यावर जागा निघाली गेरियात अल अताशची, नकाशावरचा पॉइंट १७४, आणि तारीख २४ एप्रिल. या दुरुस्तीत रणगाड्याचा एक बोल्टही हलला नाही. सत्तावन्न टन लोखंड होते तसेच राहिले, बदलली ती चिठ्ठी. मग ही दुरुस्ती क्षुल्लक म्हणायची का? ज्या चर्चिलच्या तुकडीने तो टायगर थोपवला, तिच्यातल्या माणसांना तसे वाटले नसते.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नेमकेपणा मागता, पण पुरावा कुठे आहे? छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल. फेब्रुवारी १९४३मध्ये जर्मन सैन्याने वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा ठरवला आणि वर मारायचे तपकिरी आणि हिरवे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना दिले. मिळेल त्यात, म्हणजे कधी पाण्यात तर कधी पेट्रोलमध्ये, कालवून सैनिकांनी ते फवारले. पेट्रोलमध्ये कालवलेला रंग आणि पाण्यात कालवलेला रंग सारखा दिसत नाही, टिकतही नाही. त्यावर धूळ, चिखल आणि दोन महिन्यांचे ऊन पडल्यावर ‘बरोबर छटा’ नावाची काही वस्तू शिल्लक उरते का? मला वाटते, उरत नाही. रंगाच्या बाटलीवरच्या क्रमांकावरून भांडणाऱ्यांना हे कोणीतरी शांतपणे सांगायला हवे. या मुद्द्यावर दुसरा तट बरोबर आहे आणि ते मला मान्य आहे.

पण इथून ते ज्या निष्कर्षाला उडी मारतात, तो मात्र चुकीचा आहे. पुरावा अपुरा आहे म्हणजे सगळेच सारखे खरे, असे होत नाही. १९३९मध्ये पोलंडवर चालून गेलेले जर्मन रणगाडे आपण सगळ्यांनी पिढ्यान् पिढ्या निव्वळ गडद करड्या रंगात रंगवले. (ते टायगरसारखे जड नव्हते, पण मुद्दा तोच.) पुढे टॉम जेंट्झ आणि हिलरी डॉयल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळचे मूळ लष्करी आदेश बाहेर काढले, तेव्हा कळले की १९४०च्या उन्हाळ्यापर्यंत नियम दोन रंगांचा होता : दोन तृतीयांश गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी. कृष्णधवल फोटोत हे दोन्ही रंग जवळजवळ एकच दिसतात, म्हणून डोळ्यांदेखत असलेली गोष्ट कोणाला दिसली नाही. एकदा आदेश वाचल्यावर तेच जुने फोटो निरखून पाहिले, तर काहींत पट्ट्यांच्या अंधुक कडा सापडू लागल्या. म्हणजे पुरावा अपुरा होता तेव्हाही खरे उत्तर होतेच. आपण ते अजून शोधले नव्हते.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९चा, म्हणजे १६२७चा, असे बखरींच्या आधारे मानले जात होते. लोकमान्य टिळकांच्या हाती आलेली जेधे शकावली १९१६मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. वाद पुढे कित्येक वर्षे चालला, पण वादाची पातळी बदलली. कोणाला काय आवडते यावरून नव्हे, तर कोणते साधन किती जवळचे आणि किती विश्वासाचे यावरून लोक भांडू लागले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, ती याच आग्रहापोटी : अस्सल चिठोऱ्यासमोर बखरीची मातब्बरी चालत नाही. रणगाड्यांच्या बाबतीतही अशी उतरंड लावता येते. तारीख आणि जागा माहीत असलेला फोटो, कारखान्याची नोंद, लष्करी आदेश ही अस्सल पत्रे. निवृत्त सैनिकाच्या आठवणी आणि किटच्या खोक्यावरचे चित्र या बखरी. बखर टाकाऊ नसते. तिला पत्राच्या जागी बसवणे चूक असते.

दुसरा आक्षेप आनंदाचा. नवख्या मुलाने पहिलाच टायगर जोडावा आणि कोणी पोक्त माणसाने त्याच्या चाकांच्या संख्येत चूक काढावी, याने छंद वाढत नाही, मरतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि दिवाळीतले किल्ले आठवा. मातीच्या त्या किल्ल्यावर गादीवर महाराज, बुरुजावर मावळे, पायथ्याशी अळीव पेरलेले शेत आणि दाराशी बंदूकधारी हिरवा प्लॅस्टिकचा शिपाई, क्वचित एखादा रणगाडासुद्धा. यात कालविपर्यास किती, हे मोजायला बसणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. पण का नाही? कारण त्या किल्ल्यासमोर ‘राजगड, १६६५’ अशी पाटी लावून कोणी त्याचे बक्षीस मागत नसते. अलीकडे काही ठिकाणी विशिष्ट किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृती करण्याच्या स्पर्धा होतात. तिथे पद्मावती माची चुकीच्या बाजूला काढली तर परीक्षक गुण कापतात आणि मुलांनाही ते अन्याय्य वाटत नाही. तीच माती, तीच मुले. पाटी लावली की खेळ बदलतो, हे सात-आठ वर्षांच्या पोरांना कळते. ते आम्हा पन्नाशीच्या माणसांना का कळू नये?

मी स्वतः या चुकीतून गेलो आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी केलेल्या टायगरवर झिमेरिट होते. एम-सील तळहातावर मळायचे, पाण्याचे बोट लावत कागदाइतके पातळ पसरायचे आणि घट्ट होण्याआधी तुटक्या करवतीच्या पात्याने दाबत दाबत सऱ्या पाडायच्या. एका बाजूला एक आख्खी संध्याकाळ जाई आणि बोटांना दोन दिवस वास राही. वाळवंटाचा रंग आवडे म्हणून मी खोक्यातल्या डिकॅलपैकी, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांपैकी, ट्युनिशियाचा आकडा लावला. दोन वर्षांनी चूक कळली. तेव्हा मी लेप खरवडला नाही. टरेटवरचा आकडा रंगवून झाकला आणि चिठ्ठी बदलली : ‘पूर्व आघाडी, १९४३ची अखेर’. ओतीव कपोला (टरेटवरची कमांडरची छोटी घुमटी), रबरी कडांची चाके आणि झिमेरिट ही तिन्ही लक्षणे त्या काळाशी जुळत होती. संध्याकाळच्या त्या मेहनतीला धक्का न लावता खोटे विधान खरे झाले. प्रदर्शनातल्या त्या मॉडेललाही एवढीच सूचना पुरली असती, पण ‘बाद करा’ आणि ‘छंद आहे’ यांच्या गदारोळात ती द्यायला कोणाला सुचले नाही.

मापाचा मुद्दा लवकर आटोपतो. १:३५मध्ये एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. त्याखालच्या भांडणाला फारसा अर्थ नाही. आणि ज्या प्रमाणाला आपण धर्मग्रंथासारखे मानतो त्याचा जन्म कसा झाला, हेही लक्षात ठेवावे. जपानच्या तामिया कंपनीने १९६१मध्ये पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे किट काढले. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचा आकार ठरला. नंतर मोजून पाहिले तर तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. पुढे सगळ्या जगाने तेच प्रमाण उचलले.

आता बोल्ट मोजणाऱ्या तटाकडे वळतो, कारण माझी जास्त तक्रार त्यांच्याबद्दल आहे. ती माझ्याच घरातली मंडळी. (त्यांना सगळीकडे ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. टायगरचे चिलखत एकमेकांत खाचा घालून वेल्ड केलेले असल्यामुळे मोजायला तिथे रिव्हेट फारसे नाहीत, ही त्यातली गंमत.) त्यांचा नेमकेपणा सुटा-सुटा असतो. ते प्रत्येक भाग तपासतात, पण सगळे भाग एकाच दिवशी एकाच रणगाड्यावर होते का, हे विचारत नाहीत. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत कासेलच्या हेन्शेल कारखान्यातून सुमारे १,३४७ टायगर बाहेर पडले आणि या काळात त्यांच्यात सतत बदल होत राहिले : कमांडरचा नळकांड्यासारखा कपोला जाऊन ओतीव आला, १९४४च्या सुरुवातीला रबरी कडांची चाके जाऊन पोलादी आली. रेल्वेने न्यायचा असेल तर ७२५ मिलिमीटरचे रुंद ट्रॅक काढून ५२० मिलिमीटरचे अरुंद ट्रॅक चढवायचे आणि बाहेरची चाके उतरवायची. अरुंद ट्रॅक लावलेला पण बाहेरची चाके तशीच असलेला टायगर मी बक्षीस घेताना पाहिला आहे. प्रत्येक भाग अचूक आणि गोळाबेरीज खोटी.

शिवाय त्यांची साधने पुष्कळदा बखरींपेक्षाही कच्ची असतात. टायगरनंतर आलेल्या किंग टायगर रणगाड्याच्या पहिल्या पन्नास टरेटांना सगळे ‘पोर्शे टरेट’ म्हणतात. ती क्रुप कंपनीने आखली होती, आणि नंतरची ‘हेन्शेल टरेट’सुद्धा क्रुपचीच. इतकेच काय, ‘किंग टायगर’ हे नावच शब्दशः भाषांतराच्या घाईतून आले. जर्मनमध्ये ‘क्योनिग्सटीगर’ म्हणजे बंगालचा पट्टेदार वाघ, आपला ढाण्या वाघ. त्याचा राजाशी संबंध शब्दाच्या व्युत्पत्तीपुरता. नावात चूक चालते आणि हुकाच्या खिळ्यात चालत नाही, ही मोजणी कोणत्या मापाने?

‘मी प्रत्यक्ष म्युझियममध्ये पाहिले आहे’ हा त्यांचा हुकमी एक्का. पण म्युझियममधली वस्तू म्हणजे १९४३चा तो दिवस नव्हे. रशियातल्या कुबिंका इथे १८८ टनांचा जर्मन रणगाडा माउस उभा आहे. तो दोन नमुन्यांचे अवशेष जोडून केलेला आहे, पहिल्याचा सांगाडा आणि दुसऱ्याचे टरेट. त्याची बिनचूक प्रतिकृती केली तर ती युद्धातल्या एकाही माउसची होणार नाही, कुबिंकाच्या माउसची होईल. तसे चिठ्ठीत लिहिले की काम झाले. आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये चर्चिल आहे. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावर महायुद्धातला खरा जड रणगाडा असणे हे आपले भाग्यच. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आकाराचा, सांध्यांचा आणि सुमारे १५२ मिलिमीटर जाडीच्या दर्शनी चिलखताचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही आराखड्यातून येत नाही. पण त्याच्या रंगाकडून काही शिकायला जाऊ नये. लोखंड जगवायचे तर त्याला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. रस्त्याकडेच्या जुन्या मारुतीवर शेंदराची पुटे चढत जातात आणि आतल्या मूर्तीचे नाकडोळे दिसेनासे होतात, तसा तो प्रकार. आकारासाठी वस्तू, रंगासाठी कागद आणि फोटो.

आणि जे नेमके करता येते, ते बहुतेकदा बोल्टांत नसतेच. सोव्हिएत आयएस-२ रणगाडा घ्या. त्याचे टरेट ओतीव, आणि युद्धाच्या घाईत ओतलेले. पृष्ठभाग खरखरीत, साच्याच्या जोडाची धार तशीच, कापलेल्या ठिकाणी गॅस कटरचे ओरखडे. किटमध्ये तेच टरेट साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत येते. पातळ पुट्टी जुन्या टूथब्रशने ठोकून तो खडबडीतपणा आणला, तर शंभर बोल्टांनी साधणार नाही इतके सत्य त्यात उतरते. त्यावर बर्लिनच्या लढाईतला पांढरा पट्टा काढायचा असेल, तर तो मास्किंग टेप लावून सरळ काढू नये. आपल्याच विमानांनी ओळखावे म्हणून सैनिकांनी तो हाताने ओढलेला होता, आणि फोटोत तो वेडावाकडा दिसतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र कोणाच्या भिंगाखाली येतच नाही. मिखाएल व्हिटमान या वाफेन-एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) टायगर कमांडरची किती मॉडेल्स आजवर पाहिली असतील! १३ जून १९४४, फ्रान्समधले व्हिलेर-बोकाज. नळीवर उडवलेल्या रणगाड्यांच्या हिशेबाची रंगवलेली कडी, बाजूला रुबाबात उभी आकृती. त्याला वीरपुरुष केले ते नाझी प्रचारयंत्रणेने, आणि ८ ऑगस्टला तो मारला गेल्यावरही ती बखर छापली जात राहिली. आमच्या टेबलावर तिच्यातली चाके तपासली जातात, कथा तपासली जात नाही. टायगर जेमतेम साडेतेराशे आणि अमेरिकेचे शर्मन रणगाडे पन्नास हजारांच्या घरात. आमच्या कपाटांत हे प्रमाण जवळजवळ उलटे आहे. मोठ्या संख्येने टायगर बिघाडाने किंवा इंधनाअभावी अडले आणि त्यांच्याच माणसांनी ते उडवून दिले. अडलेला एक टायगर ओढायला अठरा टनी ओढगाड्या दोन-दोन, तीन-तीन जुंपाव्या लागत. तो देखावा कितीजण करतात? कोणी काय करावे हे मी सांगत नाही. पण ‘ऐतिहासिक सत्य’ हा शब्द वापरणाऱ्याने आपल्या खोक्यावरच्या कथेलाही तीच मोजपट्टी लावावी.

‘मग परीक्षकांनी करायचे तरी काय?’ असा प्रश्न मला विचारला गेला. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मॉडेलसोबत पोस्टकार्डाएवढा कागद असावा, त्यात तीन गोष्टी : दावा काय आहे, आधार कोणता, आणि कुठे अंदाज केला आहे. ज्याचा दावा मोठा त्याची तपासणी कडक. ज्याने ‘काल्पनिक’ लिहिले त्याचे फक्त हस्तकौशल्य पाहावे. ज्याने अंदाज उघडपणे मांडला त्याचे गुण कापू नयेत, उलट द्यावेत. यावर एक आक्षेप आला की लोक कागदावर काहीही लिहितील. लिहोत की, लिहिलेले तपासता येते.

येत्या प्रदर्शनासाठी माझा आयएस-२ तयार होतो आहे आणि त्याचा कागद मी आधी लिहून काढला आहे : ‘आयएस-२, बर्लिन, वसंत १९४५. टरेटवरचा पांढरा पट्टा आणि माथ्यावरची फुली त्या लढाईतल्या फोटोंवरून. हिरव्या रंगाची छटा अंदाजाने. मागच्या बाजूच्या इंधनाच्या टाक्या एकाही फोटोत नीट दिसत नाहीत, म्हणून किटमध्ये होत्या तशा लावल्या. चिखल कल्पनेतला.’